विद्यालयाची वास्तू : पाडण्यापूर्वी

वडूज हे खटाव तालुक्याचे ठाणे आणि औंध त्याच तालुक्यातले गाव. साने गुरुजी काही काळ येथे शिकले. येथील मूळपीठाच्या डोंगरावर भवानराव पंतप्रतिनिधींनी १९३८ साली संग्रहालय उभारले. आपल्या चित्रसंग्रहासाठी नवी वास्तू बांधणारा हा राजा जुन्याचा आंधळा भक्त नव्हता. हे मुद्दाम सांगावयाचे कारण असे की, शाळा-महाविद्यालयांच्या जुन्या इमारती राखाव्यात असे म्हणणारा हल्ली लगेच प्रगतीचा वैरी ठरतो.

मुळात वय हा निकषच नव्हे. अहमदाबादच्या भारतीय प्रबंध संस्थेची वसतिगृहे वास्तुशिल्पी लुई कान यांनी १९६०च्या दशकात योजिली. म्हणजे आपल्या कित्येक चर्चपेक्षा ती तरुण. तरीही ती पाडण्याची वार्ता येताच जगभरातून आवाज उठला. कान यांनी लांबलचक बोळ टाळले आणि खोल्या जिन्याभोवती व चहाच्या जागेभोवती गुंफल्या. येता-जाता विद्यार्थ्यांची गाठ पडावी, वर्गात अर्धवट राहिलेला वाद तेथे पुढे चालावा, ही त्यामागची दृष्टी. इमारत पाडली तर विटांबरोबर हा विचारही जातो.

डिसेंबर २०२० मध्ये संस्थेने १८ पैकी १४ वसतिगृहे पाडण्याचा मनोदय जाहीर केला, टीकेनंतर जानेवारी २०२१ मध्ये माघार घेतली आणि नोव्हेंबर २०२२ मध्ये पुन्हा पहिल्याच वाटेने जाण्याचे ठरविले. विटकामातील लोखंडी सळ्या गंजल्या, भिंती तडकल्या, २००१च्या भूकंपानेही इजा केली, ही तिची कारणे. ती खोटी मानण्याचे आम्हांस कारण दिसत नाही. आमचा आक्षेप क्रमाला आहे : निर्णय आधी, चर्चा नंतर! त्याच आवारातील ग्रंथालयाच्या जीर्णोद्धारास २०१९ साली युनेस्कोचा पुरस्कार लाभला होता. दुरुस्तीचे कसब हाताशी असताना कोणते वसतिगृह किती दुबळे, हे एकेक करून लोकांपुढे मांडावयास हवे होते.

सातारकरांना भिंतीची भीती कोणी शिकवावी लागत नाही. कोयनेचा भूकंप ११ डिसेंबर १९६७चा. पुढे ३० सप्टेंबर १९९३ रोजी किल्लारी परिसरात मातीत रचलेल्या जाड दगडी भिंतींनी झोपलेली माणसे गाडली. मात्र भिंतीच्या दोन्ही अंगांना बांधणारे आरपार दगड आणि सभोवार सलग पट्टा घातल्यास अशी भिंत बळकट करता येते, हेही अभियंत्यांनी दाखवून दिले आहे. दगडी म्हणून धोकादायक आणि दगडी म्हणून अभेद्य, ही दोन्ही विधाने सारखीच अडाणी.

आपल्या धर्मग्रामांच्या शाळांपुढेही हा प्रश्न येतो. वर्ग अपुरे पडतात, प्रयोगशाळा हवी असते, चाकाच्या खुर्चीसाठी उतरण हवी असते. या गरजा खऱ्या आहेत. परंतु त्यांच्या नावाखाली पुष्कळदा काचेची दर्शनी बाजू येते. खटाव-माणच्या चैत्री उन्हात काचेआड बसणाऱ्या मुलांचे काय होईल, याचा विचार नकाशात कोठेच आढळत नाही. पडवी तर पहिल्याच फटक्यात जाते. मग मधल्या सुट्टीत डबा उघडावयाचा कोठे?

म्हणून आमचे मागणे एवढेच आहे : नव्या इमारतीचे रंगीत चित्र फलकावर लावण्याआधी जुनीच्या तपासणीचा अहवाल मराठीत पालकांसमोर वाचला जावा, आणि दुरुस्तीचा खर्च व पुनर्बांधणीचा खर्च एकाच कागदावर शेजारी-शेजारी लिहिलेला असावा.