बहिणाबाईंच्या कवितेतला ‘बग’

गेल्या पावसाळ्यात मी फॅमिली ग्रुपवर मेसेज टाकला: ‘बहिणाबाईंच्या कवितेत बग आहे. सुगरणीचा खोपा सुगरण विणतच नाही, नर विणतो!’ जळगावकरांच्या ग्रुपवर असं लिहिणं म्हणजे भरताच्या वांग्याला नावं ठेवणं. काकांनी रागाचा इमोजी टाकला. माझ्या डिग्रीवर ज्या विद्यापीठाचा शिक्का आहे, त्याला २०१८ पासून बहिणाबाईंचंच नाव आहे, हेही कुणीतरी सुनावलं.

पण फॅक्ट खरा आहे. जळगावहून धुळ्याला जाताना पारोळ्याच्या अलीकडे, विहिरीवर वाकलेल्या बाभळीला खोपे लटकलेले दिसले म्हणून मी गाडी थांबवली होती. विणत होते ते पिवळ्या टोपीचे पक्षी, म्हणजे नर. विणीच्या हंगामात नराचं डोकं पिवळंधमक होतं. मादी दिसते चिमणीसारखी साधी. नर गवताच्या पात्यांच्या लांब पट्ट्या काढून आणतो, चोचीने गाठी मारतो आणि खोपा अर्धा झाला की थांबतो. मग त्यालाच लटकून, पंख फडफडवत डेमो देतो. मादी येते, आत शिरून तपासते. पसंत पडला तर अंड्यांची जागा आणि खाली लोंबणारी नळी पूर्ण होते. नाही पडला तर प्रोजेक्ट तिथेच बंद. झाडाला अर्धवट खोपे दिसतात ते त्यामुळे.

याचा नीट अभ्यासही महाराष्ट्रातच झाला. सलीम अलींनी १९३० मध्ये अलिबागजवळच्या किहीमला सुगरणींच्या वसाहतीसमोर आडोसा करून, शिडीवर तासन्‌तास बसून नोंदी केल्या. एका मादीने खोपा स्वीकारला की नर दुसऱ्या मादीसाठी नवा विणायला घेतो, हे त्यांना दिसलं.

मग असोद्यात १८८० मध्ये जन्मलेल्या, सगळा जन्म शेतात आणि जात्यावर गेलेल्या बहिणाबाईंची नजर कशी चुकली? अक्षरओळख नसलेल्या या बाईंची गाणी मुलगा सोपानदेवांमुळे कागदावर टिकली आणि त्यांच्या मृत्यूनंतर १९५२ मध्ये पुस्तक झाली. नांगरणी, पेरणी, मळणी यांचे बारकावे त्यांच्या ओळीओळीत आहेत. माझं पहिलं उत्तर होतं: चूक त्यांची नाही, मराठीची. आपण या पक्ष्याचं नावच स्त्रीलिंगी ठेवलं. हाताला चव असलेली बाई ती सुगरण, म्हणून नीटनेटकं घर विणणारीही सुगरणच. कवितेच्या आधीच भाषेने निकाल देऊन टाकला होता.

या उत्तरावर मी खूश होतो. रविवारी आजीला सगळं रंगवून सांगितलं. तिने शेंगा सोलता सोलता एवढंच विचारलं, “मंग पिलायले कोन चारतं?”

चारते मादीच. अंडी ती एकटी उबवते, पिल्लांना भरवण्याचा भारही मुख्यतः तिच्यावर. नर तोवर पुढच्या खोप्यावर असतो.

मग कविता पुन्हा वाचली. ‘खोपा’ मला शाळेत कारागिरीचं कौतुक वाटली होती. ते आहेच. पण बहिणाबाई खोप्याकडे बघतात त्या आत झोपलेल्या पिल्लांच्या बाजूने. झाडाला लोंबतंय ते नुसतं घर नाही, आईचा जीव आहे. तरुणपणीच वैधव्य आलेल्या, पोरं एकटीने वाढवलेल्या बाईंना खोप्यात आधी काय दिसणार? शेवटी त्या माणसाला टोकतात: पाखराकडे नुसती चोच, तुझ्याकडे हात आणि बोटं. हा टोमणा विणणारा नर निघाला तरी तेवढाच लागतो.

म्हणून कविता ‘खरं तर बरोबरच होती’ असं मी म्हणणार नाही. विणणाऱ्याचं श्रेय तिने चुकीच्या पक्ष्याला दिलं. पण खोप्यात मागे कोण राहतं, हे तिने अचूक पाहिलं. आणि मी बाभळीखाली तासभर उभा राहूनही फक्त पिवळ्या टोप्या मोजल्या होत्या.

आमच्या घरावर पाटी आजोबांची आहे. घर त्यांनी बांधलं. त्यात पाच पोरं आजीने वाढवली. मी तिला विचारलं, “आजी, तो मेसेज डिलीट करू का?”

“राहू दे,” ती म्हणाली. “त्या नराचंबी नाव होऊ दे एकडाव.”