घरबसल्या संग्रहालयदर्शन : एक परीक्षण

देशोदेशींच्या संग्रहालयांचीं दालनें आतां संगणकाच्या पडद्यावर हिंडून पाहतां येतात, व या सोयीची स्तुति आमच्या वयाच्या मंडळींत पुष्कळ ऐकूं येते. मानसरोवर स्थानक गांठून मुंबईपर्यंत जाणें आमच्या गुडघ्यांस आतां सोसत नाहीं. तेव्हां गेल्या पावसाळ्यांत कामोठ्यास घरीं बसूनच आम्हीं ही स्तुति पारखून पाहण्याचें ठरविलें.

गूगल कंपनीनें इ. स. २०११ च्या फेब्रुवारींत १७ संग्रहालयें घेऊन हा उपक्रम आरंभिला. यंत्र दालनांतून फिरवून चोहों बाजूंचीं छायाचित्रें घेतात व तीं एकमेकांस जोडतात. पाहणारानें जमिनीवरील बाण दाबीत पुढें सरकावयाचें. लाभ नाहीं असें नव्हे. कोणती मूर्ति कोणत्या मूर्तीशेजारीं मांडली आहे, हें पुस्तकांतील सुट्या चित्रांवरून कळत नाहीं, तें येथें कळतें. परंतु एका दालनांतील पाटी वाचावी म्हणून तीवरील अक्षरें आम्हीं मोठीं करीत गेलों, तों तीं विरघळूनच गेलीं. नातू म्हणाला, "आजोबा, त्यांत एवढेंच आहे."

हस्तलिखितांच्या शोधकाची अडचण याहून मूळची आहे. कागद व त्यावरील रंग उजेडानें विटतात. म्हणून दक्ष संग्रहालय पोथीचीं पत्रें बहुतेक काळ कोठींतच ठेवितें. ज्या दिवशीं यंत्र फिरलें, त्या दिवशीं कांचेआड जें मांडलेलें होतें तेवढेंच दर्शनास येणार. म्हणजे आपल्यास हवी ती वस्तु या दर्शनांत बहुधा नसतेच.

हवें तें निराळ्या मार्गानें मिळूं शकतें, याचें उदाहरण मेवाडच्या सचित्र रामायणाचें. महाराणा जगत्सिंह पहिला याच्यासाठीं, इ. स. १६४९ ते १६५३ च्या सुमारास, ही पोथी तयार झाली. लेखक महात्मा हीरानंद. चित्रकारांत साहिबदीन प्रमुख. पुढें चार खंड महाराणा भीमसिंहाकडून कर्नल टॉडकडे, त्याच्याकडून ड्यूक ऑफ ससेक्सकडे व इ. स. १८४४ त ब्रिटिश म्यूझियमकडे गेले. अयोध्या, किष्किंधा, युद्ध व उत्तर हीं कांडें अशा रीतीनें लंडनास राहिलीं, व आज तेथील ब्रिटिश लायब्ररींत आहेत. बालकांडाचीं पत्रें मुंबईच्या छत्रपति शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयांत आहेत. या दोन संस्थांनीं इ. स. २०१४ च्या मार्चमध्यें विखुरलेली पोथी पडद्यावर पुन्हां एकत्र आणिली. शंभर दालनें हिंडून जें साधत नाहीं तें या एका कामानें साधलें, असें आमचें मत आहे.

तथापि पत्राचें छायाचित्र म्हणजे पत्र नव्हे. लेखकानें हरताळ लावून जें अक्षर झांकलें, त्याचा पिवळा डाग चित्रांत दिसतो. खालचें अक्षर पाहावयाचें तर पत्र हातीं घेऊन तिरप्या उजेडांत धरावें लागतें. कागदाची जाडी, घोटाईची चकाकी, समासांत मागाहून शिरलेली निराळी शाई, यांचा निर्णय पडद्यावर करूं जाणारा फसण्याचाच संभव अधिक. पाठ पडद्यावरून उतरून घ्यावा. काळ ठरवितांना मात्र मूळ पत्र पाहावें.

दुसरी गोष्ट अधिक चिंतेची. याच ब्रिटिश लायब्ररीच्या संगणकांवर इ. स. २०२३ च्या ऑक्टोबरांत दरोडा पडला, आणि तिचीं पडद्यावरील हस्तलिखितें दीर्घकाळ अदृश्य झालीं. पोथ्या जागच्या जागीं होत्या. परंतु ज्यांनीं केवळ पडद्याच्या भरंवशावर टिपणें अर्धीं ठेविलीं होतीं, त्यांचें काम अडलें. दूरच्या दिव्यावर अभ्यास करणारानें स्वतःचें तेल थोडें घरीं ठेवावें हें बरें.

आमच्या वाचकांपैकीं पुष्कळांच्या घरीं बाडें व रुमाल आहेत. त्यांचें चित्रण करवितांना पत्राच्या दोन्ही बाजू, शेजारीं मापपट्टी, पत्रांक व पुष्पिका हीं चुकूं नयेत. कोरी बाजूहि सोडूं नये, कारण पूर्वीच्या मालकाची खूण बहुधा तिच्यावरच सांपडते. आमच्याकडील एका मोडी बाडाचें चित्रण नातवाच्या साह्यानें आम्हीं या रीतीनें पुरें केलें आहे. एक प्रत घरीं, दुसरी पनवेलच्या एका स्नेह्यांकडे ठेविली. मूळ बाड पुन्हां रुमालांत बांधून फळीवर चढविलें आहे.