पडद्यावरचे आकाश आणि वावरातली हवा

तत्त्वज्ञान शिकवण्यात आयुष्य घालवलेल्या माणसाने वाशिमात ग्लायडरच्या सिम्युलेटरवर बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. त्याला कारण आहे एका विद्यार्थ्याचा प्रश्न. "सर, पडद्यावर तं मस्त उडते, मंग वावरात काहून पडते?" महिनाभर संगणकावर सराव करून त्याने रिमोटवरचा थर्माकोलचा ग्लायडर हवेत सोडला, आणि पहिल्याच वळणानंतर तो नाकावर आपटला.

आधी सिम्युलेटरचे श्रेय देऊ. लहान पंख म्हणजे मोठ्या पंखाची छोटी प्रत नव्हे. ज्यात माणूस बसतो त्या ग्लायडरचा रेनॉल्ड्स अंक दहा लाखांच्या वर जातो. मॉडेलचा लाख-सव्वा लाखाच्या आसपास राहतो. तिथे हवा पंखाला वेगळ्या रीतीने चिकटते आणि सुटते. इलिनॉय विद्यापीठाच्या मायकेल सेलिग यांनी अशा लहान पंखांची विंड टनेलमध्ये कसून मोजमापे केली. डॅनी चॅपमन यांचे पिकासिम तर मुख्यतः मॉडेल ग्लायडरसाठीच आहे. तेव्हा पंखाचे गणित आज बरेच चांगले जमते, हे मान्य करू.

मग मुलाचा ग्लायडर का पडला? त्याने सराव केला होता वारा शून्य ठेवून आणि ग्लायडरच्या मागे धावणारा कॅमेरा लावून. वावरात मात्र आपण एका जागी उभे असतो. समजा, ग्लायडरचा हवेतला वेग सेकंदाला 8 मीटर आहे आणि वारा 4 मीटरचा. वाऱ्याच्या तोंडावर तो जमिनीवरून 4 मीटरने सरकताना दिसतो. वाऱ्यासोबत वळला की 12 मीटरने. डोळा म्हणतो, फार वेगात चाललाय. हात नाक वर ओढतो. हवेतला वेग घटतो, पंख हवा सोडतो, खेळ संपतो. इथे समीकरण चुकले नव्हते. डोळ्याला फसायची संधीच सरावात मिळाली नव्हती.

आता खरा मुद्दा. ग्लायडरला इंजिन नाही. वर जाणारी हवा हेच त्याचे इंधन. तो स्वतः सेकंदाला अर्धा मीटर खाली येत असेल आणि हवा 1 मीटरने चढत असेल, तर तो अर्ध्या मीटरने वर जातो. पण ही हवा दिसत नाही, तिचे अनुमान करावे लागते. पऱ्हाटी उपटलेले काळे वावर उन्हात तापते, वावटळ उठते, घार पंख न हलवता घिरट्या घालते, गालावरचा वारा दिशा बदलतो. न्यायशास्त्रात धुरावरून अग्नी, तसे इथे घारीवरून चढती हवा.

काही सिम्युलेटरांत ही हवा रंगवून दाखवता येते. शिकाऊ माणसाला चार दिवस ते ठीक. पण जे प्रत्यक्ष दिसते, त्याचे अनुमान कोण करील? शिवाय तिथली चढती हवा बहुधा खांबासारखी नीटनेटकी असते. खरी हवा वाऱ्याबरोबर कलते, सरकते, विझते, आणि तिच्या कडेला उतरती हवा टपून बसलेली असते. खरी घार कधी मेलेल्या उंदरावरही घिरट्या घालते. म्हणजे हेत्वाभास होतो, आणि ग्लायडर शेजारच्या वावरात उतरतो!

म्हणून आमची कसोटी अशी: ज्या सिम्युलेटरात आपले अनुमान प्रामाणिकपणे चुकू शकते, तो वास्तवाच्या जवळचा. डोंगर-झाडांची सुबक चित्रे त्यानंतर पाहू. सगळ्यात हवा कमी पडते ती इथे. आणि गालावरचा वारा तर कोणताच पडदा देत नाही.

त्या मुलाला आम्ही सिम्युलेटर सोड म्हणालो नाही. वारा चालू कर, रंग बंद कर, कॅमेरा जमिनीवर ठेव, एवढेच सांगितले. आणि एप्रिलमधल्या एखाद्या सकाळी, दहाच्या सुमारास, रिमोट घरी ठेवून तासभर धुऱ्यावर उभा राहा, घारी बघ. डोक्याला दुपट्टा मात्र बांध.

असो. आता तुमचे प्रश्न घेऊ.