डब्यावरचे नाव आणि डब्यातील जिन्नस

न. चिं. केळकरांच्या 'हास्यविनोदमीमांसा' (१९३७) या ग्रंथाने मराठीतील विनोदाच्या तात्त्विक चर्चेला भक्कम अधिष्ठान मिळवून दिले. तथापि पुढील टीकेचे लक्ष मुख्यतः लेखकांच्या विनोदाकडे राहिले. चाळीतील विनोद म्हटला की १९५८ सालच्या 'बटाट्याची चाळ'पासून विवेचनास आरंभ करावयाचा, ही रीत आता रूढ झाली आहे. परंतु ज्या विनोदास कर्ताच नाही, जो स्वयंपाकघरातील फळीवर जन्मतो आणि आज दूरध्वनीच्या पडद्यावरून घरोघर फिरतो, त्याची रचना कोणी तपासून पाहावी असे वाटत नाही. त्यातील एकच प्रकार येथे विचारासाठी घ्यावयाचा आहे : डब्यावर नाव एक, आत जिन्नस दुसरा.

या विचारासाठी शिवडीची निवड करण्यास कारण आहे. शिवडीच्या कारखान्यात १९३२ साली वनस्पती तुपाचे उत्पादन सुरू झाले आणि १९३७ पासून ते 'डालडा' या नावाने विकले जाऊ लागले. हिरव्या झाडाचे चित्र असलेला तो पिवळा पत्र्याचा डबा रिकामा झाल्यावर टाकून देण्याची कल्पनाही त्या काळच्या गृहिणीला सुचली नसती. त्याच शिवडीत १९२० नंतरच्या दशकात बॉम्बे डेव्हलपमेंट डिपार्टमेंटने चाळी बांधल्या. त्यांतील खोली सुमारे १६० चौरस फुटांची. तेवढ्या जागेत स्वयंपाक, निजणे, मुलांचा अभ्यास आणि गावाहून आलेला पाहुणा हे सर्व सामावून साठवणीला उरे ती भिंतीवरची फळी. शिवाय खाडीचा दमट वारा आणि पावसाळ्याचे चार महिने. पोहे सादळतात, पापड मऊ पडतात, रव्याला जाळी धरते. अशा ठिकाणी घट्ट झाकणाचा डबा हे मोठेच धन होते. आत तूर गेली, पुढे साखर गेली, त्यानंतर कदाचित तुळसही लागली. डबा मात्र डालड्याचाच राहिला.

येथे एक व्याकरणविषयक बाब ध्यानात घ्यावयास हवी. 'डालड्याचा डबा' आणि 'डाळीचा डबा' या दोन्ही प्रयोगांत षष्ठी आहे. परंतु पहिल्यात ती डब्याचा पूर्वेतिहास सांगते, तर दुसऱ्यात त्याचा वर्तमान. मराठीचा 'चा' हा प्रत्यय या दोहोंत भेद करीत नाही. म्हणूनच 'डालड्याच्या डब्यातली डाळ' असे म्हणताना कोणालाही हसू येत नाही, आणि परका ऐकणारा मात्र क्षणभर थबकतो. प्रस्तुत विनोदाचे बीज वस्तूंच्या घोटाळ्यात जितके आहे, तितकेच ते या षष्ठीच्या दुहेरी कामगिरीत आहे.

या प्रकाराचा एक नमुना असा :

'आई, जिरं कुठं आहे?'
'मोहरीच्या डब्यात.'
'मग मोहरी?'
'ती बिस्किटांच्या डब्यात.'
'आणि बिस्किटं?'
'ती संपली, म्हणून तर डबा मोकळा झाला.'

कांटने १७९० साली हास्याची जी उपपत्ती मांडली, तिच्यानुसार ताणलेल्या अपेक्षेचे एकाएकी शून्यात रूपांतर झाले की हसू येते. वरील संवादास ही उपपत्ती लावू गेल्यास ती अर्ध्या वाटेवरच थांबते. अपेक्षाभंग येथे आहे, आणि तोही एकदा नव्हे, दोनदा. परंतु शेवटी हाती शून्य येत नाही. शेवटच्या उत्तरात सर्व गोंधळामागची व्यवस्था उघड होते. डबा मोकळा झाला म्हणून मोहरी तिकडे गेली, मोहरीची जागा रिकामी झाली म्हणून जिरे तेथे आले. विसंगतीतून सुसंगती निघते, आणि हसे होते ते नावावर विसंबून राहणाऱ्या प्रश्नकर्त्याचे. उत्तर देणारी बाई येथे विनोदाचा विषय नसून घराची एकमेव जाणती आहे.

'नाव सोनूबाई, हाती कथलाचा वाळा' या म्हणीशी हा विनोद ताडून पाहण्यासारखा आहे. म्हणीतही नाव आणि वस्तू यांची फारकत आहे, पण तिचा रोख बडेजावावर आहे. फळीवरच्या डब्याला कसलाच बडेजाव नाही. (तो डबाही लोखंडी पत्र्यावर कथील चढवलेलाच, हा योगायोग मौजेचा.) आणि डब्यांच्या या अदलाबदलीला मर्यादाही आहे. लोणचे डालड्याच्या डब्यात कोणी भरीत नसे, कारण मीठ आणि आंबट रस पत्रा खातात. त्याला चिनी मातीची बरणीच हवी. म्हणजे गृहिणीने नावाच्या बाबतीत जेवढी मोकळीक घेतली, तेवढी ती पदार्थाच्या गुणधर्माच्या बाबतीत कधीही घेत नाही. ज्या नकलाकारांना ही मर्यादा कळत नाही, त्यांचे विनोद कृत्रिम वाटतात.

आजच्या फिरत्या विनोदात पत्र्याच्या डब्याची जागा आइस्क्रीमच्या प्लॅस्टिकच्या डब्याने घेतली आहे. मूल आशेने शीतकपाट उघडते आणि आत मटार किंवा निवडलेली कोथिंबीर निघते. हा विनोद लोकप्रिय आहे, पण मूळ प्रकारापेक्षा तो निःसंशय उतरता आहे. त्यात प्रश्न नाही, उत्तर नाही. आहे ती केवळ फजिती. आई मुकाट फसवणारी आणि मूल फसलेले, एवढाच संबंध उरतो. कांटची उपपत्ती येथे बरोबर बसते, आणि ती इतकी बरोबर बसावी हेच या नमुन्याचे दारिद्र्य होय. 'आपल्या सगळ्यांच्या आया अशाच' या छापाची स्मरणरंजनाची पुस्ती त्याला जोडली जाते, तेव्हा तर तो विनोदही राहत नाही.

याच घाटाचा विनोद संगणकाच्या संदर्भात पुन्हा उपजला, हे लक्षणीय आहे. 'फायनल', 'फायनल दोन', 'अगदी फायनल' अशा नावांच्या फाइली आणि कशाचे हे कोणालाच न आठवणारे 'न्यू फोल्डर' हे आता प्रत्येक विद्यार्थ्याच्या परिचयाचे आहेत; प्रबंध लिहिणाऱ्यास तर विशेषच. मात्र दोहोंत एक मूलभूत अंतर आहे. डबा उचलला की वजन कळते. हलवला की तूर आणि तांदूळ आवाजावरून ओळखू येतात. झाकण किलकिले केले की हिंग लपून राहत नाही. फाइलीला वजन नाही, वास नाही. तिच्या नावाचे शेपूट बदलल्याने आतील मजकूर बदलत नाही; तो कोणत्या जातीचा आहे हे बहुधा आरंभीच्या काही अक्षरचिन्हांवरून यंत्रास कळू शकते, माणसास नव्हे. शिवाय येथे विसरणारा आणि शोधणारा एकच असल्यामुळे संवादाला दुसरे माणूस मिळत नाही. संगणकावरील विनोद बहुतांशी स्वगतासारखे का वाटतात, याचे एक कारण हे असावे.

आणि हाताला कसोटी नसली की हाच घाट विनोदाच्या बाहेर जातो. ४ मे २००० रोजी जगभर पसरलेल्या विषाणूचे उदाहरण घ्यावे. प्रेमपत्र म्हणून आलेल्या त्या फाइलीच्या नावाअखेर साध्या मजकुराची खूण दिसे. त्यापुढची, ती फाइल म्हणजे आज्ञावली असल्याची खूण 'विंडोज' ही प्रणाली नेहमीच्या रचनेत झाकून ठेवीत असे. लाखो लोकांनी डब्यावरचे नाव वाचून झाकण उघडले. २०२४ साली भारतात पोलिसांनी ज्या लग्नपत्रिकांबद्दल लोकांना सावध केले, त्याही पत्रिका नव्हत्या. दूरध्वनीचा ताबा घेणाऱ्या आज्ञावली होत्या. रचना तीच : नाव एक, आत दुसरे. तरी कोणी हसले नाही, कारण भरणारा अनोळखी होता आणि 'आत काय आहे?' असे ज्याला विचारावे ते माणूस खोलीत नव्हते. या विनोदप्रकाराचे अस्तित्व नावाच्या खोटेपणावर अवलंबून नसून विचारता येण्याजोग्या सहवासावर अवलंबून आहे, असे म्हणावयास या उदाहरणांनी पुरेसा आधार मिळतो.

शिवडीच्या त्या डब्यालाही हा प्रश्न चुकला नव्हता. वनस्पती तूप साजूक तुपात मिसळून, किंवा साजूक म्हणूनच, विकले जाऊ लागले, तेव्हा डब्यावरच्या छापील नावाचा उपयोग संपला. बाजारात तूप डब्याबाहेर काढूनच विकले जात होते. त्यावर कायद्याने योजलेला उपाय विलक्षण होता. वनस्पती तुपात किमान ५ टक्के तिळाचे तेल घालण्याचे बंधन उत्पादकांवर घालण्यात आले. तिळाच्या तेलातील घटक हायड्रोक्लोरिक आम्ल व फरफ्युराल यांच्याशी मिळाला की लाल रंग येतो. ही बोदुआँची कसोटी होय. साजूक म्हणून आलेल्या तुपाला तो रंग आला, की त्यात वनस्पती असल्याचे उघड होई. नाव डब्यावरून काढून जिनसातच घातले गेले होते.