स्वतःचा छापखाना, दुसऱ्याचा मजकूर

ग्रामीण पत्रकारितेबद्दल बोलताना नेवासे तालुक्याला कमीपणा घ्यायचं कारण नाही. याच तालुक्यातल्या तरवडीत मुकुंदराव पाटलांनी ‘दीनमित्र’ हे सत्यशोधकी साप्ताहिक चालवलं. १९१० साली हाती घेतलेलं हे काम १९६७ साली त्यांचं निधन झालं तेव्हाच थांबलं. खेड्यात बसून लिहायचं, खेड्यातच छापायचं आणि कुलकर्णी असो वा सावकार, नाव घेऊन बोलायचं, असा तो खाक्या होता.

त्याच तालुक्यातल्या सोनईत आज बातम्यांना तोटा नाही. मुळा सहकारी साखर कारखाना इथला, शनिशिंगणापूर हाकेच्या अंतरावर. तरी ‘सोनई : वार्ताहर’ अशी सुरुवात असलेला मजकूर वाचावा तर निवड, सत्कार, उद्घाटन, वाढदिवस. दोष एकट्या वार्ताहराचा नव्हे. श्रमिक पत्रकारांसाठी १९५५ साली कायदा झाला, पण गावपातळीवरच्या बातमीदाराला बहुधा पगारच नसतो. तुटपुंजं मानधन आणि जाहिरातीवरचं कमिशन यांवर त्याचं भागतं. ज्याच्याकडून दिवाळीची जाहिरात आणायची, त्याच्याच संस्थेचा ताळेबंद कसा तपासणार? ६ जानेवारीला, पत्रकारदिनी, शाल-श्रीफळही बहुतेक तीच मंडळी देतात.

या पेशाची खरी कसोटी २०१३ च्या जानेवारीत लागली. सोनई परिसरात तीन दलित तरुणांची हत्या झाली. मुळाशी आंतरजातीय प्रेमसंबंध होते. २०१८ साली नाशिकच्या न्यायालयानं सहा जणांना फाशी सुनावली. गुन्ह्याची बातमी पोलिसांच्या प्रेसनोटवरून लिहिता येते. पण पारावर, चहाच्या टपरीवर जातीबद्दल काय बोललं जातं, ते गावात राहणाऱ्यालाच कळतं, आणि लिहिणं त्यालाच सर्वांत जड जातं. उद्या त्याच पेठेत किराणा घ्यायचा असतो. २०१६ साली शिंगणापूरच्या चौथऱ्यावरील स्त्रियांच्या प्रवेशाचा वाद पेटला तेव्हा बाहेरच्या वाहिन्यांचे कॅमेरे धावून आले. ते निघून गेल्यावरचं गाव कोणी लिहायचं?

आता पोर्टल आणि यूट्यूब चॅनेल आले. मोबाइलमुळे वार्ताहराच्या खिशात स्वतःचा छापखाना आला. मुकुंदरावांना हेवा वाटावा अशी सोय. पण त्यावर उमटतं काय? व्हॉट्सअॅपवर आलेली प्रेसनोट, जशीच्या तशी, चुकीच्या ऱ्हस्व-दीर्घासह. एकच मजकूर पाच पोर्टलवर, फक्त मथळ्यातली उद्गारचिन्हं कमी-जास्त. अपघाताचा व्हिडिओ मात्र रुग्णवाहिकेच्या आधी पोचतो.

अपवाद आहेत, आणि ते बरेचदा वयानं लहान असतात. कालव्याचं आवर्तन शेवटच्या चारीपर्यंत पोचलं का, हे पाहायला बांधावर जाऊन चित्रण करणारा पोरगा मला जुन्या स्तंभलेखकापेक्षा मोठा बातमीदार वाटतो. त्याची भाषा कच्ची आहे, प्रश्न मात्र नेमका. त्याला संपादक हवा आहे: वाक्य दुरुस्त करणारा, कागद मागणारा, आणि पाटबंधारे खात्यातून फोन आला तर तो स्वतः उचलणारा.