स्फटिकातील थर आणि पटलातील थर : एका उपमेची परीक्षा

ठाकूरद्वाराहून दोन कोसांवर, कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, 1994 साली इट्रियम, निकेल, बोरॉन व कार्बन यांच्या मिश्रणात सुमारे 12 केल्व्हिनला अतिसंवाहकता आढळली. निकेलसारखा धातू घटक असूनही ती आढळावी, हेच मुळी अनपेक्षित होते. इट्रियमच्या जागी होल्मियम घातले असता अतिसंवाहकता व चुंबकत्व एकाच स्फटिकात नांदतात. निकेल-बोरॉनचे स्तर आणि होल्मियम-कार्बनचे स्तर तेथे एकाआड एक येतात. म्हणून या संयुगास अतिसंवाहक व चुंबकीय पटलांची निसर्गसिद्ध रास म्हणण्याचा मोह होतो. ही उपमा चित्रास शोभते, विचारास नव्हे.

कृत्रिम पटलांत, उदाहरणार्थ निओबियमला लोखंड भिडविले असता, इलेक्ट्रॉनांची युगुले लोखंडात शिरतात. युगुलातील दोघांची परिवलने परस्परविरुद्ध असल्याने लोखंडाचे विनिमय-क्षेत्र त्यांच्यावर विषम परिणाम करते. युगुलाचे तरंगफल चिन्ह बदलत काही नॅनोमीटरांतच क्षीण होते. चुंबकीय थराची जाडी वाढविताना संक्रमण-तापमान वर-खाली व्हावे, ही अपेक्षा यातूनच निघते. निओबियम-गॅडोलिनियमच्या राशीत 1995 साली तसे आंदोलन दिसले. परंतु पुढच्याच वर्षी लोखंड-निओबियम-लोखंड पटलांतील तशाच वर्तनाचे कारण निराळे सांगण्यात आले : सीमेवर दोन धातू मिसळून लोखंडाचा एक थर चुंबकत्वच गमावून बसतो. म्हणजे केवळ आलेख वळला म्हणून सिद्धांत सिद्ध होत नाही. सीमा कशी घडली हेही पाहावे लागते.

स्फटिकात अशी सीमाच नाही. तेथील इलेक्ट्रॉन-रचना त्रिमितीय असून सलग चुंबकीय स्तरांतील अंतर सुमारे 5 अँगस्ट्रॉम आहे, तर युगुलाचा विस्तार 60 अँगस्ट्रॉमांहून अधिक. एकच युगुल दहाहून अधिक स्तर व्यापते. सुमारे 5 केल्व्हिनखाली होल्मियमचे चुंबकीय आघूर्ण प्रत्येक स्तरात एकदिश, पण लगतच्या स्तरात उलट असतात. त्यामुळे युगुलापुरते विनिमय-क्षेत्र जवळजवळ शून्यावर येते. 5 ते 6 केल्व्हिनच्या दरम्यान मात्र या मांडणीत सर्पिल घटक शिरतात आणि त्याच सुमारास, विशेषतः चुंबकी क्षेत्र लावले असता, सुमारे 8 केल्व्हिनला अवतरलेली अतिसंवाहकता ढासळते व आणखी थंडीत परतते. या ऱ्हासाचे कारण स्तरांच्या स्पर्शात नसून आघूर्णांच्या मांडणीत शोधावयास हवे. शिवाय पटलाची जाडी प्रयोगकर्त्याच्या हाती असते; स्फटिकातील स्तरांची नसते.