विष आहे, पण मातीत आहे का?

गाजर गवताची पानं वाटायची, पाण्यात भिजवायची, तो अर्क पेट्री डिशमधल्या मुगावर ओतायचा. मूग नीट उगवला नाही की निष्कर्ष तयार: हे तण शेजारच्या झाडांना रसायनांनी मारतं! असे पेपर इतके वाचलेत की पद्धतीचा भाग आता न बघताही सांगता येतो. अहो, इतका दाट अर्क मेथीचा काढलात तरी बी बिचकेलच.

पण दोष फक्त साध्या प्रयोगांचा नाही. 2003 साली 'सायन्स'मध्ये अमेरिकेतल्या स्पॉटेड नॅपवीडवर एक पेपर आला. हे तण मूळचं युरोपातलं. त्याच्या मुळांतून कॅटेचिन नावाचं रसायन पाझरतं, त्याने शेजारच्या मुळांच्या टोकाशी ऑक्सिजनचे घातक रेणू तयार होतात, मग कॅल्शियमचे संकेत, जनुकांमध्ये उलथापालथ, आणि शेवटी मूळ मरतं. एकेक पायरी दाखवलेली. मांडणी म्हणून आजही वाचावा असा पेपर आहे. गंमत म्हणजे सगळा डोलारा ज्यावर उभा होता, ती पायरी सगळ्यात साधी होती: शेतातल्या मातीत कॅटेचिन किती? इतरांनी मोजलं तर बहुतेक वेळा नगण्य, नाहीतर सापडेचना. 2010 साली पेपर मागे घेतला गेला. पेशीच्या आत काय होतं हे इतकं बारकाईने पाहिलं, पण माती मोजताना ढिलाई झाली, हे मला फार खटकतं.

म्हणून गाजर गवताबद्दल घाई नको. त्यात पार्थेनिन आहे, ते बियांना घातक ठरू शकतं, यात वाद नाही. पण फिल्टर पेपरवर ते जसंच्या तसं राहतं, जिवंत मातीत सूक्ष्मजीव त्याचा फडशा पाडतात. मग पानांतून, मुळांतून रोज नवं किती येतं, आणि शेजारचं बी रुजतं त्याच दिवसांत येतं का, हे बघायला हवं. ते मोजणारे थोडे. काहीजण मातीत सक्रिय कोळसा मिसळतात, म्हणजे विष शोषलं जाईल आणि फरक दिसेल. कल्पना छानच, पण कोळसा मातीतल्या अन्नद्रव्यांचं गणितही बदलतो. त्यामुळे तण अजिबात नसलेल्या कुंडीतही कोळसा घालून बघावा लागतो, आणि नेमकी तीच कुंडी बऱ्याच प्रयोगांत नसते.